वाऱ्यातली बैठक

ग्लेनिसनं मेखेवर पाय ठेवून जोर दिला, आणि मेख हलली.

फार नाही, दुखऱ्या दाताएवढी. पण काल तिनं स्वतः घण घालून ठोकलेली हातभर लोखंडी मेख, ती हलायलाच नको होती. तिनं वाकून दोर चाचपला. दोर ताठ होता, मग एकदम ढिला पडला, मग पुन्हा ताठला. वर तंबूचं कापड फुगायचं आणि धप्पकन बसायचं. तीन दिवसांच्या पावसानं माती नुसती लोणी झाली होती. ती पुढच्या मेखेपाशी गेली. तीही हलली. त्याच्या पुढचीही. पश्चिमेकडची सगळी रांगच तशी निघाली, आणि वारा पश्चिमेकडूनच, वेल्सच्या डोंगरांवरून येत होता.

तंबूच्या आत तीनेकशे माणसं एकच सूर धरून बसली होती.

'वाकडं फाटक' नावाच्या या मेळ्यात शनिवारच्या दुपारी हेच असायचं. कुणी मोठा कलाकार नाही, कुणाचं नाव फलकावर नाही. ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन त्यानं तंबूत यायचं आणि चालू असलेल्या सुरात आपला सूर मिसळायचा. कुणी व्हायोलिन आणी, कुणी करवत, कुणी आईच्या स्वयंपाकघरातलं पातेलं. एका गृहस्थानं पत्र्याच्या टबाला तारा ताणून आणल्या होत्या आणि तो गेली सहा वर्षं तोच टब वाजवत होता, सुधारणा शून्य. तरी लंडनपासून, ग्लासगोपासून लोक या दुपारची वर्षभर वाट बघत. कारण एकदा का तो सूर चढला, की म्हातारी माणसंसुद्धा रडायची. ग्लेनिसही रडली होती, एकदा नाही, अनेकदा.

ती स्वयंपाकाच्या छपराकडे निघाली. पळाली नाही. मेळ्यात काम करणाऱ्यानं पळायचं नसतं, लोक बिथरतात. छपराच्या खांबाला टांगलेली पितळी घंटा तिनं जोरजोरात वाजवली.

घंटा म्हणजे वर्तुळ. सगळ्यांशी संबंध असलेली कुठलीही गोष्ट वर्तुळात बसूनच ठरायची, हा वाकड्या फाटकाचा पहिला आणि खरं सांगायचं तर एकमेव नियम. इथं मालक नाही, अध्यक्ष नाही, कुणी कुणाला हुकूम द्यायचा नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, ते या मंडळींनी परमेश्वराला वगळून घेतलं होतं. नियम केला वीस वर्षांपूर्वी. केला तो ग्लेनिसनंच.

मेळा चालवणारी माणसं आली, ओल्या चिलखतासारखे रेनकोट घालून पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसली. वर्तुळ चालवायची पाळी नायजेलची होती. नायजेल निवृत्त पोस्टमन, देवमाणूस, पण घाई हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा. त्याच्या हातात स्वयंपाकघरातली मोठी लाकडी पळी होती. पळी ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं.

"मेखा सुटताहेत," ग्लेनिस उभ्याउभ्याच म्हणाली. "पश्चिमेकडच्या सगळ्या. तंबू रिकामा करायचा, आत्ताच्या आत्ता."

"पळी, ग्लेनिस," नायजेल हळूच म्हणाला.

"काय?"

"पळी अजून माझ्याकडे आहे."

तिनं त्याच्या हातातून पळी घेतली आणि तेच वाक्य शब्द न बदलता पुन्हा म्हटलं.

"वाऱ्याचं मीटर मी आत्ताच बघितलं," नायजेल म्हणाला. स्वतःचा नियम स्वतःच मोडल्याचं लक्षात आल्यावर त्यानं पळी परत घेतली. "काटा लाल रेषेच्या खाली आहे. थोडासा, पण खाली आहे."

"मीटर मेखा बघत नाही."

"पळी, ग्लेनिस."

फाटकाशी शेताचा मालक प्रीस उभा होता. सत्तरीचा, तोंडात विझलेला पाइप, पायाशी कुत्री. दर वर्षी तो ही वर्तुळं बघायला यायचा, जशी काही माणसं रेल्वेगाड्या बघायला जातात. आज तो हसत नव्हता.

पळी फिरत फिरत टॅमसिनकडे गेली. टॅमसिन सोळाव्या वर्षी फाटकी पिशवी पाठीवर टाकून इथं आली होती. ग्लेनिसनं तिला भांडी घासायला बसवलं, वर्तुळात बोलायला शिकवलं, नाही म्हणायला तर हट्टानं शिकवलं. आता ती तिशीत होती आणि तंबूतलं सगळं संगीत तीच बघायची.

"रिकामा करून नेणार कुठं माणसं?" टॅमसिन म्हणाली. "खाली मेंढ्यांच्या गोठ्यात, बरोबर ना? म्हणजे गल्लीतनं. गल्लीवर ती अ‍ॅशची झाडं आहेत. कुजलेल्या फांद्या गेल्या वर्षी तूच मला दाखवल्यास. अशा वाऱ्यात तीनशे माणसं त्या झाडांखालनं पळवायची? तंबूनं याहून मोठे वारे झेललेत. आत कुणी घाबरलेलं नाही. बाहेर काढलं की घाबरतील."

तिचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ग्लेनिसनं पळीसाठी हात पुढे केला.

"गल्लीतनं नाही. कुंपण तोडायचं आणि प्रीसच्या ओटमधनं सरळ खाली उतरायचं."

सगळ्यांनी प्रीसकडे पाहिलं. ओटचं पीक कमरेएवढं उभं होतं, आणखी पंधरवड्यात कापणी.

"माझ्याकडे काय बघताय?" प्रीस म्हणाला. "तुडवायचं तर तुडवा. पण आज तुडवा म्हणजे झालं. तुमचं चाललंय ते बघता पुढच्या मंगळवारी तुडवाल."

"मिस्टर प्रीस, वर्तुळात पाहुण्यांनी–"

"पाहुणा? शेत माझ्या बापाचं रे, पोस्टमन!"

"काटेरी तार आहे," टॅमसिन म्हणाली. आता पळीकडे तिचंही लक्ष नव्हतं. "आत लहान मुलं आहेत, चाकाच्या खुर्चीतली जोन आहे. चिखलाचा उतार. मला हे पटत नाही, ग्लेनिस. मनापासून सांगते, नाही पटत."

आणि तिनं दोन्ही हात वर केले, मुठी आवळल्या, मनगटं डोक्यावर एकमेकांवर ठेवली.

फुली.

पटलं तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची, नाही पटलं तर खाली, आणि ज्याच्या मनाला अजिबातच झेपत नाही त्यानं फुली घालायची. एकानं घातली की पुरे. ती उतरेपर्यंत गोष्ट जागची हलत नसे. प्लास्टिकच्या पेल्यांवरून एकदा एका फुलीनं सगळ्यांना पहाटेपर्यंत बसवून ठेवलं होतं.

"फुली पडलीय," नायजेल म्हणाला. "तर आपण आधी टॅमसिनला समजून घेऊ या."

"अरे, काय समजून घेताय!" प्रीस ओरडला. "वारा थांबलाय का बाहेर, तुमची पळी फिरेस्तोवर?"

ग्लेनिसचे डोळे तंबूवर होते. मधला खांब करकरला. तरुणपणी तिनं सर्कशीचे तंबू बांधले होते, आणि खांब करकरतो तेव्हा तो काय म्हणतो ते तिला कळायचं, किंवा कळतं असं तिला वाटायचं. त्या क्षणी या दोन्हींत फरक करणं शक्य नव्हतं. पुढचा झोत आला. कापड वर उचललं गेलं, खालनं हातभर उजेड दिसला, आणि मग ते सगळं वजन धाडकन खाली आलं.

आतल्या लोकांनी काय करावं? त्यांना वाटलं, वारासुद्धा सुरात आला. ते दुप्पट जोरानं गाऊ लागले.

तिला ह्यू आठवला. आठवायची ही वेळ नव्हती, पण माणसाचं मन कुठं वेळ बघतं. ह्यू तिचा माणूस, अकरा वर्षांचा संसार. एका मेळ्यात गाडीभर दारुडे फाटकातनं घुसायला बघत होते, इकडे वर्तुळात कुणाचीतरी फुली पडली होती, आणि ह्यू न थांबता गेला, फाटकाला साखळी घातली आणि पोलिसांना फोन केला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण फुली तुडवली. फुली तुडवणाऱ्याला वर्तुळात जागा नाही. सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवली, ग्लेनिसनंही हलवली, आपल्या नवऱ्यासाठी नियम वाकवला तर मग उरलं काय, म्हणून. ह्यू आता लडलो नावाच्या गावात सायकली दुरुस्त करतो. नाताळाला कार्ड येतं. खाली फक्त नाव असतं.

म्हणजे आता तोंड उघडलं की आपणही गेलो. हे तिला लख्ख कळत होतं. वीस वर्षं, हे शेत, ही माणसं, शनिवारची ही दुपार, सगळं गेलं. आणि नाही उघडलं तर?

"नायजेल," ती म्हणाली, "तार कापायची पक्कड घे आणि कुंपणाला दहा पावलांचं खिंडार पाड. मिस्टर प्रीस, गोठ्याचं दार उघडा. टॅमसिन, तंबूचं मागचं तोंड उघड, पुढचं बांधून टाक."

"फुली आहे, ग्लेनिस." टॅमसिनचे हात अजून डोक्यावरच होते.

"दिसतेय मला."

"मग?"

"मग हात खाली घे आणि पोरं उचल. मी विचारत नाहीये. सांगतेय."

कुणी हललं नाही. पावसाचे थेंब टॅमसिनच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळत होते. ग्लेनिसला वाटलं, ही आता किंचाळेल, काहीतरी फेकून मारेल. मारायलाच हवं होतं, आपणच तसं शिकवलं आहे.

टॅमसिनचे हात हळूहळू खाली आले. मग ती वळली आणि तंबूकडे पळत सुटली. पळू नये हेही ती विसरली.

ग्लेनिस तंबूत शिरली तेव्हा तिथल्या उकाड्यानं आणि आवाजानं तिचा श्वास अडकला. थांबा, असं ओरडली असती तर गोंधळ उडाला असता. तिनं एका बाईच्या हातातली तवी आणि चमचा घेतला, त्याच सुरात ठोका धरला आणि मागच्या तोंडाकडे चालू लागली. बघणाऱ्यांना वाटलं, यंदा काहीतरी नवीन दिसतंय. ते मागोमाग निघाले. व्हायोलिनवाले, करवतवाला, टबवाला टबासकट. माणसापेक्षा उंच बास चौघांनी आडवा धरून कुंपणाच्या खिंडारातनं काढला. जोनला तिच्या खुर्चीसकट दोघा दाढीवाल्यांनी खांद्यावर घेतलं आणि ती वरून सगळ्यांना रस्ता दाखवत राहिली. टॅमसिनच्या एका काखेत एक पोर आणि दुसऱ्या काखेत दुसरं. ओट आडवा झाला. गाणं चालूच होतं, वाऱ्यात फाटत, पुन्हा जुळत, उतारावरून खाली जात. ग्लेनिस खिंडाराशी उभी राहून तवी बडवत होती आणि रांग संपता संपत नव्हती.

अखेर संपली. ती एकटी परत तंबूत गेली, प्रत्येक कोपरा, प्रत्येक गठ्ठ्यामागची जागा बघितली. कुणी नव्हतं. बाहेर येऊन ती उतारावर थांबली आणि वाट बघू लागली.

वारा आला. खरोखरीचा आला. कापड डोक्यावरून ओरबाडल्यासारखं ताणलं गेलं, दोर शिट्ट्या घालायला लागले, एक मेख उखडून गवतात उडाली.

"पड," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "पड की एकदाचा!"

तंबू पडला नाही. उरलेल्या मेखा तग धरून राहिल्या. झोत आले तसे गेले, वारा उत्तरेकडे फिरला आणि थोड्या वेळानं तर चक्क ऊन पडलं. ओल्या कापडातनं वाफा निघत होत्या. आत तीनशे माणसं बसलेली असती तरी कुणाचा केस वाकडा झाला नसता. निदान दिसत तरी तसंच होतं.

प्रीस उतार चढून आला. त्यानं आडव्या झालेल्या ओटकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं, आणि पाइप दातांत धरून म्हणाला, "असो, बाई. माणसं आहेत. ओट काय, पुढच्या वर्षी पुन्हा येतो."

ती गोठ्याकडे उतरली ते मनाची तयारी करूनच. काय काय ऐकावं लागेल ते तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. विनाकारण, भित्री, हुकूमशहा. सगळं ऐकून घ्यायचं, सबबी सांगायच्या नाहीत, आणि निघायचं. ह्यूनं सबबी सांगितल्या नव्हत्या.

दारातच एकजण भेटला. "ग्लेनिस, सूप इथंच आणायचं का?"

"आण. डावीकडच्या भिंतीशी, तिथं वारा नाही."

"ग्लेनिस, ओली पोरं?"

"प्रीसच्या घरी ने. मागच्या दारानं जा, चूल पेटलेली असेल."

"तारेनं एकाचा हात कापलाय."

"दाखव. टाके नकोत. औषधाची पेटी दुधाच्या गाडीत आहे."

उत्तरं तिच्याकडे तयारच होती. एकामागून एक माणसं येत होती, विचारत होती आणि चालू लागत होती. इतकी भराभर कामं वाकड्या फाटकात कधीच झाली नव्हती. एरवी सूप कुठं ठेवायचं यावर अर्धा तास गेला असता आणि सूप गार झालं असतं. कुणी रागावलं नव्हतं. उलट चेहरे मोकळे होते. एका बाईनं तर तिचा हात हातात घेऊन दाबला.

कुणी काही म्हणत का नाही? ग्लेनिसला भीती वाटू लागली. मेखा हलल्या तेव्हाची भीती वेगळी होती, तिला निदान कारण होतं.

संध्याकाळचं ऊन तिरपं झाल्यावर ती वर छपरापाशी गेली. तिनं घंटा वाजवली आणि गठ्ठ्यावर बसून राहिली. समोरचे गठ्ठे रिकामे. तिनं पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळानं नायजेल आला, हातात चहाचे दोन मग. एक त्यानं तिला दिला. बसला नाही.

"काही झालं का?"

"वर्तुळ घ्यायचंय. माझ्यावर."

"तुझ्यावर? कशाला गं? सुंठीवाचून खोकला गेला, आता काय उकरून काढायचं?"

"मी फुली तुडवली, नायजेल. सगळ्यांदेखत."

"तुडवलीस. बरं झालं."

"ह्यूनं तुडवली तेव्हा पळी तुझ्याच हातात होती."

नायजेलनं चहाचा घोट घेतला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण ते तिच्यासाठी, ह्यूसाठी नव्हे. "ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"

"अगं, तो ह्यू होता," नायजेल प्रेमानं म्हणाला. "तू तू आहेस."

तो गेला. चहा गोड होता, ती बिनसाखरेचा पिते हे त्याला पक्कं माहीत असूनही. बहुतेक तिला धक्का बसला असेल म्हणून त्यानं घातली असावी. ग्लेनिसनं चहा गवतात ओतला. ज्या हातानं तिनं बोटं हलवली होती, तो हात मांडीवर पडून होता. अकरा वर्षांच्या संसारावर तिनं तो हलवला होता, आणि आज तिच्यावर एकानंही हलवला नाही. लाज वाटली तिला, अशी लाज की तोंड लपवावं.

मग उतारावरून टॅमसिन येताना दिसली. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली, केस गालांना चिकटलेले. ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. आली. निदान ही तरी आली.

"ये, बस," ती म्हणाली. "बोल आता. शिव्या घाल."

"बसत नाही, लोक खोळंबलेत." टॅमसिन धापा टाकत होती. "रात्रीचं गाणं तंबूत करायचं का गोठ्यातच?"

"ते तू बघतेस ना?"

"हो, पण म्हटलं तुला विचारावं."

"तुला काय वाटतं?"

"मला?" टॅमसिन हसली. "मला वाटलेलं दुपारी कळलंच की."

"दुपारी तुझं बरोबर होतं. तो बघ तंबू, उभा आहे. मी उगाच सगळ्यांना चिखलातनं ओढलं. ऐकतेस का? बरोबर होतं तुझं. भांड माझ्याशी."

टॅमसिननं तंबूकडे पाहिलं. उन्हात तो नव्यासारखा दिसत होता. तिनं मान हलवली.

"खरं सांगू, ग्लेनिस? ते हात वर धरले होते ना मी, तेव्हा मला वाटत होतं, आता हा तंबू पडला तर या सगळ्यांना मी मारलं. आणि तू म्हणालीस, खाली घे." ती क्षणभर थांबली. "इतकं हलकं वाटलं मला. चौदा वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं."

ग्लेनिसनं रिकामा मग उचलून गठ्ठ्यावर ठेवला.

"तर मग कुठं? तंबूत का गोठ्यात? तू सांग ना."

खालून कुणीतरी टॅमसिनला हाक मारली. ती अर्धी वळली, तरी थांबली, ग्लेनिसच्या तोंडाकडे बघत. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, काहीच अडलेलं नव्हतं.

"गोठ्यात," ग्लेनिस म्हणाली.

"बरं," टॅमसिन म्हणाली, आणि का, ते न विचारता उतारावरून पळत खाली गेली.